राउटर उलटा करून आधी व्हर्जन का बघतात

सोलापुरात फायबर घरोघर आलं आणि त्याच्यासोबत कंपनीचा डबाही आला. आधीचा राउटर टाकवत नाही म्हणून माळ्यावर गेला. पूर्व भागात पुढे घर आणि मागे यंत्रमाग अशी लांबट जागा असते, तिथे पुढच्या खोलीतल्या डब्याची रेंज मागांपर्यंत पोचतच नाही. जुन्या पेठांतल्या जाड भिंतींच्या घरांतही तीच रड. मग कुणीतरी सुचवतं, जुना राउटर खाली काढा, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं सॉफ्टवेअर, टाका, केबल ओढा आणि मागे लावा. यातला जाणकार गाठला तर तो म्हणतो, “ओ, आधी खाली स्टिकरवर व्हर्जन काय आहे ते बघा की.” मॉडेलच्या नावापेक्षा त्या बारीक आकड्याला तो का धरून बसतो, हे कळायला वीसेक वर्षं मागे जावं लागतं.

२००२ च्या अखेरीस अमेरिकेत लिंक्सिसने डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर आणला. पुढच्या मार्चमध्ये सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात लिंक्सिस विकत घेण्याचं जाहीर केलं. तीनेक महिन्यांत लोकांच्या लक्षात आलं की या राउटरच्या आत लिनक्स ही खुली कार्यप्रणाली चालतेय. जून २००३ मध्ये अँड्र्यू मिक्लस यांनी लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, विकासकांसमोर हे मांडलं. लिनक्सचा परवाना जीपीएल. तो म्हणतो, वापरा, बदला, विका. पण विकलंत तर ज्याच्या हाती वस्तू गेली त्याला सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, मागण्याचा हक्क आहे. लिंक्सिसने कोड दिलेला नव्हता. चिप ब्रॉडकॉमची आणि सॉफ्टवेअरचा बराच भाग तिच्यासोबत आलेला, त्यामुळे सिस्कोला आपण नेमकं काय विकत घेतलंय हेही नीट ठाऊक नसावं, असा माझा अंदाज. दबाव वाढला आणि त्याच वर्षी कोड खुला झाला. औदार्य वगैरे काही नव्हतं. परवान्यातलं एक कलम कुणीतरी नेटाने धरून ठेवलं, एवढंच.

कोड हाती आला आणि झुंबड उडाली. त्याच्याही आधी काही उद्योगी लोक मूळ फर्मवेअरच्या एका भोकातून आत शिरले होते. राउटरच्या पानावर पिंग करून बघायची एक चौकट होती. तिथे पत्त्याऐवजी आज्ञा लिहिली तर राउटर ती निमूटपणे चालवायचा. त्यातूनच ‘बूट वेट’ नावाची सेटिंग चालू करून ठेवत. मग राउटर सुरू होताना काही सेकंद थांबायचा आणि तेवढ्यात संगणकावरून नवी फाइल ढकलता यायची. फर्मवेअर बिघडलं तरी परतीची वाट राहायची.

स्वीसॉफ्ट नावाच्या कंपनीने या कोडवरचं फर्मवेअर पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली आणि त्यावरून बरीच भांडणं झाली. त्याच कोडमधून जर्मनीच्या सेबास्टियन गॉटशाल यांनी डीडी-डब्ल्यूआरटी हे फर्मवेअर उभं केलं. जोनाथन झराटे यांचं टोमॅटो आलं. दिसायला देखणं, वापरायला सोपं. ओपनडब्ल्यूआरटीची सुरुवात २००४ ची. त्यांनी लिंक्सिसच्या कोडवर रंगरंगोटी न करता पायापासून छोटी लिनक्स प्रणाली बांधली आणि हवी ती पॅकेजेस नंतर टाकायची सोय ठेवली. सुरुवातीला हे अवघड वाटायचं, पण टिकलं ते हेच.

व्हर्जनचा घोळ इथून सुरू होतो. डब्ल्यूआरटी५४जीच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत साधारण ४ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा) आणि १६ एमबी रॅम असायची. २००५ च्या अखेरीस पाचवी आवृत्ती आली. खोका तोच, नाव तेच, पण आत लिनक्सऐवजी व्हीएक्सवर्क्स ही दुसरी कार्यप्रणाली, फ्लॅश २ एमबी आणि रॅम ८ एमबी. स्मृती निम्मी झाली की खर्च वाचतो, आणि व्हीएक्सवर्क्सला तेवढ्यात भागतं. लोकांनी आरडाओरडा केल्यावर जुन्या आवृत्तीचं लिनक्सवालं रूप डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने वेगळं विकायला काढलं. तेव्हापासून दुकानात खोका उलटा करून बघायची सवय लागली ती लागलीच.

आपल्याकडे ही लाट उशिरा आणि जराशी वेगळी आली. २.४ गिगाहर्ट्‌झचा वायफायचा पट्टा २००५ च्या जानेवारीत परवान्यातून मोकळा झाला. बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँडही त्याच महिन्यातलं. त्या काळातले फोनच्या तारेवरचे एडीएसएल मोडेम आजही माळ्यावर सापडतात, पण त्यांतल्या ब्रॉडकॉमच्या डीएसएल चिपला खुला ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, नाही. त्यांवर वेळ घालवू नये.

ड्रायव्हर ही या गोष्टीतली खरी मेख. लिंक्सिसने कोड दिला खरा, पण ब्रॉडकॉमचा वायफाय ड्रायव्हर बंद पेटीसारखाच राहिला आणि तो लिनक्सच्या २.४ कर्नलला बांधलेला होता. जग २.६ वर गेलं तरी या राउटरांना वायफाय हवं असेल तर जुन्याच कर्नलवर अडकून राहावं लागे. २००८ मध्ये एथेरॉस या चिप कंपनीने एथ९के हा खुला ड्रायव्हर दिला आणि पारडं फिरलं. त्याच चिपांवर टीपी-लिंकचे स्वस्त राउटर बाजारात आले. ७४०एन आणि ८४१एन ही मॉडेलं आपल्याकडे केबलवाल्यांनी इतकी लावली की आज सोलापुरात कुणाचा माळा धुंडाळला तर यातलंच एखादं निघण्याची शक्यता जास्त. ८४१एनच्या दहाहून जास्त आवृत्त्या निघाल्या आणि शेवटच्या काहींत चिपच बदलून मीडियाटेकची आली. आवृत्ती नऊची फाइल तेरावर चालत नाही.

चुकीची फाइल टाकली किंवा मध्येच लाइट गेली तर राउटर मरतो. यंत्रमागाच्या लाइनवर हे काम करू नका, अडॅप्टर इन्व्हर्टरवर घ्या. यातल्या बऱ्याच आवृत्त्यांत परतीची वाट ठेवलेली आहे: संगणकाला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यायचा, टीएफटीपी सर्व्हरवर (फाइल पाठवणारा साधा प्रोग्राम) ठरल्या नावाची फाइल ठेवायची, रीसेटचं बटण दाबून धरत राउटर चालू करायचा. तो स्वतःहून फाइल उचलतो. जुन्या बूट वेटचंच हे सुटसुटीत रूप.

२०१६ साली आणखी दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने रेडिओची शक्ती वापरणाऱ्याला बदलता येते म्हणून टीपी-लिंककडून २ लाख डॉलर वसूल केले. राउटरला कुलूप लावण्याची भीती तेव्हा सगळ्यांनाच होती, पण तडजोडीत उलट खुल्या फर्मवेअरसोबत काम करण्याची अट आली. त्याच वर्षी ओपनडब्ल्यूआरटीत फूट पडून एलईडीई हा वेगळा प्रकल्प निघाला. २०१८ च्या जानेवारीत दोन्ही पुन्हा एक झाले.

कर्नल दरवर्षी फुगत गेला, राउटरची फ्लॅश मात्र होती तेवढीच. ७४०एन आणि ८४१एनच्या बऱ्याच आवृत्त्यांत ४ एमबी फ्लॅश नि ३२ एमबी रॅम. ओपनडब्ल्यूआरटीची १९.०७ ही अशा यंत्रांसाठीची शेवटची अधिकृत मालिका, आणि २०२२ पासून तिचे सुरक्षा अपडेट थांबले. म्हणून स्टिकरवरच्या व्हर्जनवरून शोधल्यावर ४/३२, म्हणजे ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम, निघालं तर तो राउटर इंटरनेटच्या तोंडावर बसवू नये. फायबरच्या डब्यामागे, डीएचसीपी (नेटवर्कवर पत्ते वाटायची सोय) बंद करून, लॅन पोर्टातून केबल देऊन मागच्या कारखान्यात नुसता अॅक्सेस पॉइंट म्हणून लावला तर मागावरच्या माणसाच्या मोबाइलला पुरेल. त्याला फर्मवेअर बदलायचीही गरज नाही. ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम असेल, तर मात्र अपडेट मिळणारं फर्मवेअर टाकायचा विचार करायला हरकत नाही.