निरुद्योग भत्ता आणि अर्ध्या वेळेचे काम : सीमाभागातील एका प्रश्नाची पार्श्वभूमी

२० मार्च २०२३ रोजी बेळगावात झालेल्या युवक मेळाव्यात राहुल गांधी यांनी कर्नाटकातील आगामी निवडणुकीसाठी ‘युवा निधी’ची घोषणा केली. पदवीधर बेरोजगाराला दरमहा ३००० रुपये आणि पदविकाधारकाला १५०० रुपये, तेही जास्तीत जास्त दोन वर्षे, असे तिचे स्वरूप होते. मे महिन्यात राज्यात काँग्रेसचे सरकार आले, २६ डिसेंबरला नावनोंदणी सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवमोग्गा येथे प्रत्यक्ष वाटपाला प्रारंभ झाला. तेव्हापासून खानापूर, निपाणी आणि बेळगाव तालुक्यांतील मराठी घरांत एक प्रश्न वारंवार निघतो : भत्ता चालू असताना एखाद्या दुकानात किंवा कारखान्यात चार तासांचे काम मिळत असेल, तर ते धरावे की सोडावे? प्रश्न घरगुती हिशेबाचा वाटतो. पण हिशेब मांडायला बसले की तो लगेच कायद्यातल्या एका शब्दाशी येऊन अडतो, आणि त्या शब्दामागे सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

तो शब्द म्हणजे ‘बेरोजगार’. कन्नड कारभारात या भत्त्याला ‘निरुद्योग भत्ये’ म्हणतात, कारण कन्नडमध्ये ‘उद्योग’ म्हणजे नोकरी. रोजगार विनिमय केंद्रालाही तिकडे ‘उद्योग विनिमय केंद्र’ असेच नाव आहे. मराठीत मात्र निरुद्योगी म्हणजे रिकामटेकडा, आणि ‘हे काय उद्योग चाललेत?’ असे कोणी विचारले तर ती नोकरीची चौकशी नसते. सकाळी गोठा आवरून, शेजारच्या दोन मुलांची शिकवणी घेऊन ‘ग्राम वन’ या सरकारी सेवा केंद्रात आलेल्या मुलीला खिडकीतून ‘निरुद्योगी ना?’ असा प्रश्न आला, तर ती क्षणभर अडखळते. तिला उद्योग पुष्कळ आहेत, नोकरी तेवढी नाही. योजनेच्या नियमांना दोनच कप्पे ठाऊक असतात, काम असलेले आणि काम नसलेले. सीमाभागातील पोट भरण्याच्या बहुतेक रीती मात्र या दोन कप्प्यांमधल्या फटीत वाढल्या आहेत. निपाणीत घरी बसून दर हजार विड्यांमागे मजुरी घेत विडी वळणे, बेळगावच्या वडगाव-खासबागेत दुसऱ्याच्या पाळीवर बदली म्हणून मागावर उभे राहणे, गळीत हंगामापुरते साखर कारखान्यात जाणे, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत ठेकेदाराच्या हाताखाली ऑर्डर असेतोवर राबणे, यांपैकी कशाला ‘नोकरी’ म्हणायचे आणि कोणत्या दिवशी ती ‘गेली’ असे धरायचे, हे ठरवणे सोपे नाही.

जिथे बेकारी भत्त्याची कल्पना जन्मली तिथेही ही अडचण लवकरच पुढे आली. बेल्जियममधील गेंट शहराने १९०१ मध्ये कामगार संघटनांच्या बेकारी निधीला नगरपालिकेच्या पैशाची जोड दिली. पुढे ब्रिटनने १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने बांधकाम, जहाजबांधणी, अभियांत्रिकी अशा मोजक्या धंद्यांत सक्तीचा बेकारी विमा आणला. त्यात आठवड्याला ७ शिलिंग मिळत आणि वर्षात १५ आठवड्यांची मर्यादा असे. हा विमा पुढे इतर धंद्यांना लागू झाला, तेव्हा गोदीतल्या हमालांनी त्याची घडी विस्कटून टाकली. हमालाला रोज सकाळी गोदीच्या दाराशी उभे राहावे लागे आणि त्या दिवशीच्या जहाजांप्रमाणे काम मिळे किंवा मिळत नसे. त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस माल उतरवायचा आणि उरलेले तीन दिवस भत्त्याच्या वहीत सही करायची, अशी रीतच पडून गेली. तिला लबाडी म्हणणारे तेव्हाही होते. वास्तविक ती त्या कामाच्या ठेवणीतूनच आलेली होती, आणि आपल्याकडच्या बदली कामगाराला ती समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

या अनुभवातून ‘अंशतः बेकारी’ ही कल्पना पुढे आली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३४ च्या बेकारीविषयक करारात तिला स्थान मिळाले. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९३२ मध्ये पहिला बेकारी विमा कायदा केला आणि १९३५ नंतर तो देशभर पसरला. तिथल्या राज्यांमध्ये आठवड्याची थोडी कमाई सोडून देऊन उरलेली भत्त्यातून वजा करण्याची पद्धत रुळली. जर्मनीत आज बेकारी भत्ता घेणाऱ्याने आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम केले तर तो बेकारच मानला जातो आणि त्याच्या निव्वळ कमाईतले महिन्याला १६५ युरो हिशेबात धरले जात नाहीत. असा नियम असला की अर्धवेळ काम घ्यावे की नाही, हा प्रश्न बेरीज-वजाबाकीचा उरतो. आपल्याकडे तसे झाले नाही, आणि त्याचे कारण आपण आपला कायदा कोणाकडे पाहून लिहिला यात आहे.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारीच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत आणि राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत आहे. प्रत्यक्षात पैसा देणारी पहिली मोठी तरतूद १९५३ मध्ये आली. त्या वर्षी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात नवे प्रकरण घालून, कामावरून तात्पुरते बसवलेल्या म्हणजे ले-ऑफ दिलेल्या कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई, आणि कपात झालेल्याला सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, अशी सोय करण्यात आली. या तरतुदीच्या अटी आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने बारकाईने वाचण्याजोग्या आहेत. ले-ऑफमधल्या कामगाराने कामाच्या वेळेत दिवसातून किमान एकदा कारखान्यात हजर राहिले पाहिजे, नाहीतर त्या दिवसाची भरपाई बुडे. त्याच मालकाने पाच मैलांच्या आत दुसरे योग्य काम देऊ केले आणि कामगाराने ते नाकारले, तरीही भरपाई बुडे. म्हणजे मालकाने दिलेले काम नाकारायचे नाही, आणि स्वतः शोधलेल्या कामावर सकाळी जावे तर हजेरीची वेळ आडवी येते. निम्म्या पगारात घर चालणार नाही हे उघड असताना उरलेला निम्मा कुठून आणायचा, याचा विचार त्या कायद्यात दिसत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे होता तो भोंग्यावर चालणाऱ्या मोठ्या गिरणीचा कायम कामगार.

सीमाभागाच्या दृष्टीने त्याहून मोठी अट पुढेच होती. ले-ऑफ भरपाईच्या तरतुदी ५० पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना आणि हंगामी स्वरूपाच्या आस्थापनांना लागू नव्हत्या. वडगावातल्या मागांच्या शेडमध्ये चारदोन कारागीर असतात. सुताचा भाव चढला किंवा साड्यांना उठाव नसला की मालक रात्रपाळी बंद करतो, आणि कारागीर महिना-दोन महिने रंगकामाला, सेंट्रिंगला किंवा लग्नसराईत वाढप्याच्या कामाला जाऊन परत त्याच मागावर येतो. त्याला ‘उद्यापासून येऊ नको’ असे कोणी लिहून देत नाही, त्यामुळे कागदावर तो कधी बेकार होतच नाही. उसाचा हंगाम संपल्यावर घरी बसणारा कारखान्याचा हंगामी कामगारही या भरपाईच्या बाहेर राहिला. याच कायद्यात पुढे १९८४ पासून लागू झालेल्या कलम १७-ब मध्ये, कामावर परत घेण्याच्या निवाड्याविरुद्ध मालक उच्च न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात गेला तर खटला संपेपर्यंत कामगाराला शेवटचे वेतन देण्याची सोय झाली. मात्र त्यासाठी आपण या काळात कोणत्याही आस्थापनेत कामाला नाही, असे प्रतिज्ञापत्र त्याला द्यावे लागे. युवा निधीसाठी आपण बेरोजगार असल्याची जी स्वयंघोषणा द्यावी लागते, तिचे पूर्वरूप तिथे सापडते.

विम्याच्या वाटेने बेकारी भत्ता यायला २००५ साल उजाडले. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा; आजारपण, बाळंतपण आणि अपघात यांची सोय त्यात होती, नोकरी जाण्याची नव्हती. १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेने कारखाना बंद पडल्यास किंवा कपात झाल्यास विमाधारकाला भत्ता देण्यास सुरुवात केली. १ जुलै २०१८ पासून अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिच्यात सरासरी दैनंदिन वेतनाच्या २५ टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच मिळे. कोरोनाच्या टाळेबंदीत, २४ मार्च २०२० पासून, हे प्रमाण ५० टक्के करण्यात आले आणि नोकरी गेल्यावर ९० ऐवजी ३० दिवसांनी दावा करण्याची मुभा मिळाली. ५०० रुपये रोज असलेल्या कामगाराचा हिशेब केला तर दिवसाला २५० प्रमाणे ९० दिवसांचे २२,५०० रुपये होतात. ही रक्कम बेकारीत गेलेल्या दिवसांची आहे, त्यामुळे त्याच दिवसांत दुसरीकडे कामावर असणे आणि त्याच दिवसांसाठी दावा करणे या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. विमा क्रमांक देशभर एकच असल्याने कोगनोळीचा सीमानाका ओलांडून महाराष्ट्रातल्या कागलच्या वसाहतीत किंवा बेळगावाला लागून असलेल्या शिनोळीत काम धरले, म्हणून ते कर्नाटकातल्या कार्यालयाला दिसणार नाही, असेही होत नाही.

सीमेच्या पलीकडे महाराष्ट्रात विचाराची दिशा निराळी राहिली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ मध्ये झालेला प्रयोग, १९७२ चा दुष्काळ आणि १९७७ चा रोजगार हमी कायदा या मार्गाने तिथे आधी काम आणि काम देता आले नाही तरच भत्ता, हे सूत्र ठरले. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानेही तेच घेतले : मागणीपासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि नंतर किमान निम्मा भत्ता. २०२४ मध्ये महाराष्ट्राने सुरू केलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले, पण ते आस्थापनेत काम शिकण्याबद्दल आणि महाराष्ट्राच्या अधिवासींसाठी. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो तिथल्या तरुणाला शिधापत्रिका कर्नाटकाची असल्याने रोजच्या व्यवहारात कर्नाटकाची युवा निधी योजनाच पाहावी लागते.

त्या योजनेच्या अटी अशा आहेत. उत्तीर्ण झाल्यानंतर १८० दिवस नोकरी मिळालेली नसावी. राज्यात किमान सहा वर्षे शिक्षण झालेले असावे. पुढील शिक्षण चालू नसावे. शिकाऊ उमेदवारीचे वेतन मिळत नसावे. सरकारी वा खासगी नोकरी नसावी आणि सरकारी योजनेतून कर्ज घेऊन स्वयंरोजगार सुरू केलेला नसावा. सहा वर्षांची अट कागदावर साधी दिसते, पण ज्याची शाळा चंदगडला आणि महाविद्यालय कोल्हापूरला झाले, त्या सीमाभागातल्या मुलाला ती पहिल्याच पायरीवर अडवते. सुरुवातीला दर महिन्याच्या २५ तारखेपूर्वी कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर आपण अजून बेरोजगार असल्याची स्वयंघोषणा करावी लागे, आणि खोट्या घोषणेबद्दल कारवाईची तरतूद आहे. किती तास, किती रुपये, असे या अटींत काहीच नाही. म्हणून चार तासांची पगारी नोकरीही खासगी नोकरीतच मोडते, असे धरून चालणे शहाणपणाचे आहे, आणि पीएफ कापणाऱ्या आस्थापनेत तर शंकेला जागाच नाही.

मग उरतो तो हिशेब. दोन वर्षांचे मिळून पदवीधराचे ७२,००० रुपये होतात. समजा दहा महिने शिल्लक आहेत, म्हणजे ३०,००० रुपये यायचे आहेत, आणि बाजारपेठेतल्या दुकानात हिशेब लिहिण्याचे दरमहा ५००० रुपयांचे काम चालून आले आहे. सोडलेल्या भत्त्याची भरपाई व्हायलाच सहा महिने काम टिकले पाहिजे. मुलगी असेल तर राज्यातला बसप्रवास जून २०२३ पासून मोफत आहे. मुलगा असेल तर खानापूरहून रोजच्या येण्याजाण्याचे पैसे वजा करावे लागतील आणि सहाचे सात-आठ महिने होतील. दिवाळीच्या गर्दीपुरते बोलावणे असेल तर भत्ता सोडण्यात तोटा आहे. काम वर्षभर टिकणारे आणि हात बसवणारे असेल, तर भत्त्याचे शेवटचे महिने राखत बसण्यात अर्थ नाही. पदविकाधारकाचे गणित तर लवकरच सुटते, कारण दीड हजारासाठी उद्यमबागेतले मशीन शॉप सोडणे कोणालाच परवडत नाही.

या सगळ्यात अलीकडे एक नवी गाठ पडली आहे. घरपोच जेवण पोहोचवणारा मुलगा कायद्याने कोणाचा कर्मचारी नसतो, त्याचा पीएफ नसतो, आणि संध्याकाळचे तीन तास गाडी फिरवून त्याला मिळते ती रक्कम पगार म्हणून नोंदली जात नाही. गोदीतल्या हमालाचाच हा नवा अवतार. २०२५ मध्ये कर्नाटकाने अशा, म्हणजे ॲपवरून मिळेल तसे काम करणाऱ्या ‘गिग’ कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार कंपन्यांनी या मुलांची नावे कल्याण मंडळाकडे नोंदवायची आणि प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क भरायचे आहे. आजवर फटीत राहिलेला हा कामगार त्यामुळे सरकारच्या एका यादीत कामगार म्हणून येतो, आणि पदवीच्या जोरावर भत्ता घेत असेल तर दुसऱ्या यादीत निरुद्योगी म्हणूनही त्याचे नाव असते.