जेनिस्टिन की जेनिस्टीन? वेलांटी बदलली की हिशोब बदलतो

सोयाबीन आणि कर्करोगाबद्दल वाचताना सोयाबीनमधल्या संयुगांची ही दोन नावं हमखास भेटतात, आणि कितीदा तरी एकाच्या जागी दुसरं छापलेलं असतं. कागदावर फरक वेलांटीचा, रेणूत एका ग्लुकोजचा. पहिल्या वेलांटीच्या जेनिस्टिनला ग्लुकोज जोडलेलं असतं आणि त्याचा रेणुभार सुमारे ४३२ आहे. दुसऱ्या वेलांटीचं जेनिस्टीन मोकळं, रेणुभार २७०. म्हणून १ मिलिग्रॅम जेनिस्टिनमधून फार तर ०.६२५ मिलिग्रॅम जेनिस्टीन सुटतं. गोळ्यांच्या डबीवर नुसतं ‘आयसोफ्लेव्होन ५० मिलिग्रॅम’ (ही दोन्ही संयुगं याच वर्गातली) लिहिलं असेल, तर ते वजन ग्लुकोज धरून आहे की सोडून, हे आधी बघा.

सोयाबीनच्या दाण्यात मोकळं जेनिस्टीन नावापुरतंच असतं. दाणे शिजवून ग्लुकोज सुटत नाही. त्याला बीटा-ग्लुकोसिडेज हे एन्झाइम लागतं. टेंपे किंवा मिसो हे सोयाबीनचे पदार्थ आंबताना बुरशी ते पुरवते, म्हणून त्यांत मोकळं जेनिस्टीन जास्त सापडतं. सोयावडी खाल्ली तर तेच काम लहान आतड्यातलं लॅक्टेज आणि आतड्यातले जिवाणू करतात. ग्लुकोजसकट रेणू रक्तात जवळजवळ उतरतच नाही.

मग पोटातून दिल्यावर दोघांचा परिणाम वेगळा होतो का? इलिनॉय विद्यापीठातल्या हेल्फरिच यांच्या गटाने २००१ मध्ये हे पाहिलं. अंडाशय काढलेल्या, प्रतिकारशक्ती दुबळ्या असलेल्या छोट्या उंदरांत माणसाच्या स्तनकर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींच्या गाठी रुजवल्या. एका गटाच्या खाद्यात ७५० पीपीएम (किलोमागे मिलिग्रॅम) जेनिस्टीन, दुसऱ्याच्या १२०० पीपीएम जेनिस्टिन. दुसऱ्या गटाला जास्त दिलं असं वाटतं, पण १२०० ला ०.६२५ ने गुणून बघा: बरोबर ७५०. गाठी दोन्ही गटांत वाढल्या, आणि सारख्याच वाढल्या. या पेशी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर वाढतात, आणि जेनिस्टीन काहीसं त्याच्यासारखं वागतं. अंडाशय नसल्याने इस्ट्रोजेन तुटपुंजं, आणि ती जागा जेनिस्टीनने घेतली.

याच जेनिस्टीनने गाठी कमी झाल्याचेही प्रयोग आहेत. बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठात लॅमार्टिनियर यांच्या गटाने गर्भधारणेपासून मोठ्या उंदरांची (रॅट) पिल्लं २१ दिवसांची होईपर्यंत त्यांच्या आईच्या खाद्यात किलोमागे २५० मिलिग्रॅम जेनिस्टीन घातलं. ५० व्या दिवसाच्या सुमारास पिल्लांना डीएमबीए हे कर्करोगकारक रसायन दिलं. जेनिस्टीन न मिळालेल्यांच्या तुलनेत प्रत्येक उंदरामागे गाठी निम्म्यावर आल्या. डीएमबीएचा घाव स्तनग्रंथीच्या टोकाच्या अपरिपक्व अंकुरांवर बसतो, आणि लहानपणी जेनिस्टीन मिळालेल्यांत ग्रंथी लवकर परिपक्व होऊन असे अंकुर कमी उरतात. म्हणजे ग्लुकोज असण्या-नसण्यावर इथे काही ठरलं नाही. कोणत्या वयात दिलं आणि गाठ आधीच होती का, यावर ठरलं. ‘सोया कर्करोग रोखतं’ किंवा ‘वाढवतं’ अशा मथळ्यांत नेमक्या याच दोन गोष्टी गाळलेल्या असतात, आणि ते वाचून रुग्णाचं ताट बदललं जातं. म्हणून आम्हाला ही गफलत किरकोळ वाटत नाही.

जेनिस्टीनची शुद्ध पूड आणि सोयापीठ यांतही गल्लत नको. हेल्फरिच यांच्याच गटाने २००४ मध्ये दाखवलं, की जेनिस्टीनचं प्रमाण सारखं ठेवूनही सोयापीठावरच्या उंदरांत गाठी वाढल्या नाहीत, शुद्ध रूपावरच्यांत वाढल्या.

असा प्रयोग वाचताना तुलनेच्या गटाचं खाद्यही तपासा. उंदरांच्या नेहमीच्या तयार खाद्यात प्रथिनासाठी सोयाबीनची पेंड असते, म्हणजे ज्यांना काहीच द्यायचं नाही त्यांनाही जेनिस्टिन मिळतच असतं आणि दोन गटांतला फरक पुसट होतो. त्यासाठी एआयएन-९३जी सारखं केसीनवर (दुधातल्या प्रथिनावर) आधारलेलं खाद्य वापरतात. त्यात ७ टक्के सोयाबीन तेल असतं, पण त्याने बिघडत नाही. ही संयुगं तेलात जवळजवळ उतरत नाहीत, पेंडीतच राहतात.