मॅजिकचे 'कायमचे' फॉरमॅट आले कुठून?

मॅजिक: द गॅदरिंग हा गोळा करायच्या कार्डांचा खेळ 1993 च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा फॉरमॅट, म्हणजे कुठली कार्डं चालतील याचे नियम, हे प्रकरणच नव्हतं, हातात जी कार्डं आहेत ती डेकमध्ये (खेळायच्या गठ्ठ्यात) घाला आणि खेळा. पण लवकरच अडचण झाली, नवीन येणाऱ्याकडे ब्लॅक लोटससारखं दुर्मिळ, ताकदवान कार्ड नाही आणि मिळायची शक्यताही नाही, मग तो जुन्या खेळाडूसमोर टिकणार कसा? म्हणून 1995 च्या सुरुवातीला मॅजिक काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने टाइप 2 काढला, त्यात फक्त ताजे सेट (एकत्र छापलेल्या कार्डांचे संच), हाच पुढे स्टँडर्ड झाला. बाकी सगळं टाइप 1 मध्ये राहिलं, तोच आजचा व्हिंटेज, जिथे अती पॉवरफुल कार्डांची एकच कॉपी चालते. म्हणजे न बदलणारा फॉरमॅट कुणी मुद्दाम बनवलाच नाही, रोटेशन, म्हणजे जुने सेट बाद होत जाणं, सुरू झालं आणि मागे जे उरलं तो हा.

खरा तिढा पडला तो 1995 च्या क्रॉनिकल्स या सेटमुळे. जुनी महागडी कार्डं त्यात परत छापली, कलेक्टर लोक भडकले, आणि कंपनीने 1996 मध्ये रिझर्व्ह्ड लिस्टच जाहीर केली, ही कार्डं पुन्हा कधीच छापणार नाही असा शब्द दिला. ड्युअल लँड्स, म्हणजे दोन रंगांची मॅना (कार्डं खेळायला लागणारी शक्ती) देणारी लँड कार्डं, त्यातच. 2004 मध्ये टाइप 1.5 या जुन्या कार्डांच्याच दुसऱ्या फॉरमॅटचा लेगसी झाला, त्याला स्वतःची बॅन लिस्ट (बंदी असलेल्या कार्डांची यादी) मिळाली, आणि मला विचाराल तर मॅजिकमधला सगळ्यात सुंदर फॉरमॅट हाच, पण खेळणारे वाढले तरी ड्युअल लँड्स तेवढ्याच, मग भाव चढणारच ना.

यावर तोडगा म्हणून 2011 मध्ये मॉडर्न हा फॉरमॅट आला. सीमारेषा 2003 च्या एट्थ एडिशन सेटवर ठेवली, कार्डं तिथून पुढचीच, कारण रिझर्व्ह्ड लिस्ट 1999 च्या अर्झाज डेस्टिनीपाशीच संपते, त्यामुळे मॉडर्नमधलं कुठलंही कार्ड परत छापता येतं, आणि 2013 च्या मॉडर्न मास्टर्समध्ये तसं छापलंही.

मग जून 2019 मध्ये मॉडर्न होरायझन्स हा सेट आला, स्टँडर्डला वळसा घालून थेट मॉडर्नमध्ये. त्यातलं होगाक हे कार्ड इतकं भारी पडलं की ऑगस्टमध्येच बॅन करावं लागलं, आणि 2021 च्या दुसऱ्या होरायझन्सने तर कितीतरी जुने डेक मागे टाकले. कार्डं कागदावर लीगल आहेत पण जिंकायला उपयोगाची नाहीत, हे रोटेशनच झालं की, आणि खेळाडूंचा यावरचा राग मला शंभर टक्के पटतो. 2019 च्याच ऑक्टोबरमध्ये पायोनियर हा फॉरमॅट आला, रेषा आणखी पुढे, 2012 च्या रिटर्न टू रॅव्हनिकापासून, फेच लँड्स (डेकमधून दुसरी लँड शोधून आणणारी कार्डं) पहिल्या दिवसापासून बॅन.

दरवेळी रेषा पुढे सरकवायची हाच कंपनीचा उपाय, पण खेळाडूंनी स्वतः उभा केलेला प्रीमॉडर्न बघा, स्वीडनमध्ये सुरू झालेला, फोर्थ एडिशन ते स्कर्ज एवढेच सेट, 1995 ते 2003. ड्युअल लँड्स नाहीत आणि स्कर्जनंतरचं नवीन कार्ड आत येऊच शकत नाही.