टीच : शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रम
टीच (इंग्रजी लघुरूप TEACCH) : स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्याच्या विधिमंडळाने १९७२ मध्ये मंजूर केलेला राज्यव्यापी कार्यक्रम. मुलांना शिकवणे, आईवडिलांना सोबत घेणे आणि शिक्षक घडवणे अशी तिन्ही कामे तो करतो. बाहेरच्या जगात त्याचे नाव झाले ते मुख्यतः शेवटच्या कामामुळे. मुख्य केंद्र चॅपेल हिल येथील उत्तर कॅरोलायना विद्यापीठात आहे.

संस्थापक एरिक शॉप्लर (१९२७–२००६) हे जर्मनीत जन्मलेले ज्यू. नाझी राजवटीत त्यांच्या कुटुंबाने देश सोडला. ते शिकागो विद्यापीठात शिकले. त्याच विद्यापीठातले बालमानसतज्ज्ञ ब्रूनो बेटलहाइम तेव्हा मुलाच्या स्वमग्नतेचा दोष आईवडिलांच्या, त्यातही आईच्या, थंड वागण्याला देत होते. शॉप्लर यांना हे मुळीच मान्य नव्हते. रॉबर्ट रायक्लर यांच्यासह त्यांनी १९६० च्या दशकात चॅपेल हिलला काम सुरू केले आणि आरोपीच्या पिंजऱ्यातल्या पालकांनाच सहउपचारक केले. शिक्षक मुलाबरोबर काम करताना पालक एकतर्फी काचेआडून पाहत आणि तेच घरी करून बघत. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच मुलांना आलटून पालटून आखीव आणि मोकळ्या पद्धतीने शिकवले. आखीव पद्धतीत मुलांची प्रगती अधिक दिसली. मुले फक्त पाच, त्यामुळे पुरावा तोकडाच. पण पुढची सगळी बांधणी या दिशेने झाली.

या बांधणीला ‘संरचित अध्यापन’ म्हणतात. जेवण, खेळ, अभ्यास यांच्या जागा ठरलेल्या असतात. दिवसाचा क्रम चित्रांत मांडलेला असतो. चित्र कळत नसेल तर वस्तूच द्यायची, वाटी हातात आली म्हणजे जेवण. कामाच्या टेबलावर मुलाला चार गोष्टी न विचारता दिसल्या पाहिजेत : काम कोणते, किती, संपले हे कसे ओळखायचे आणि नंतर काय. म्हणून करायचे काम डावीकडे आणि झालेल्या कामाचा डबा उजवीकडे. ऐकलेली सूचना हवेत विरून जाते, समोर ठेवलेली जागेवर राहते. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना दुसरी अधिक सोयीची, हा त्यामागचा विचार.

प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे पाच दिवसांची कार्यशाळा. व्याख्याने असतात, पण दिवसाचा मोठा भाग खऱ्या वर्गात जातो. मोजकी स्वमग्न मुले तिथे येतात आणि शिक्षक, वाचाउपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ असे प्रशिक्षणार्थी लहान गटांत त्यांच्याबरोबर काम करतात. मुलाला काय येते ते पाहायचे, त्याच्यासाठी काम स्वतः कापून-चिकटवून तयार करायचे, आणि ते फसले की मुलाऐवजी कामात बदल करायचा. प्रशिक्षक शेजारी बसून हे सारे बघत असतो. हीच या पद्धतीची खरी परीक्षा. दिवसाचा क्रम दाखवणाऱ्या चित्रपट्ट्या काय, विकतही मिळतात. मूल्यमापनासाठी शॉप्लर व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात ‘येते’ आणि ‘येत नाही’ यांच्या मध्ये ‘येऊ घातले आहे’ अशी तिसरी श्रेणी आहे. शिकवायला सुरुवात तिथूनच करायची.

परिणामांबाबत सावध राहिलेले बरे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात टीचचे बालवर्ग, दुसऱ्या एका नावाजलेल्या पद्धतीचे वर्ग आणि कोणतेही ठराविक प्रारूप न पाळणारे, पण दर्जेदार विशेष वर्ग यांची तुलना केली. मुले तिन्हीकडे सुधारली. पद्धतींमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. वर्गाचा दर्जा पद्धतीच्या नावापेक्षा महत्त्वाचा असावा, असा याचा एक अर्थ लागतो. पद्धतीच्या कट्टर समर्थकांना तो रुचत नाही.

भारतात १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात इतर प्रकारांच्या बरोबरीने नोंदली गेली. विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने चालतात, आणि चित्रांचे वेळापत्रक आता इथल्या विशेष शाळांनाही नवखे राहिलेले नाही. मात्र ते तयार करणाऱ्या शिक्षिकेच्या शेजारी बसून तिचे काम बघणारा अनुभवी माणूस अजून क्वचितच मिळतो.