आंशिक कवळी, काढती-घालती

काही नैसर्गिक दात शाबूत असताना, गेलेल्या दातांच्या जागी बसवण्यात येणारे आणि वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता येणारे दंतोपकरण. शेजारच्या दातांवर चिकटवलेला ब्रिज किंवा हाडात रोवलेले इंप्लांट यांहून ते निराळे. पूर्ण कवळी केवळ हिरडीवर व टाळूवर टेकते. आंशिक कवळी हिरडीवर टेकतेच, शिवाय उरलेल्या दातांनाही धरून राहते. अशा दातांना आधारदात म्हणतात. कवळी किती काळ टिकेल यापेक्षा तिच्यामुळे हे आधारदात किती काळ टिकतील, हा या विषयातला खरा प्रश्न आहे.

इतिहास : या उपकरणाचा आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. जुने इतिहासलेखक तो इट्रुस्कन संस्कृतीपर्यंत मागे नेतात. मध्य इटलीतील थडग्यांत सोन्याच्या पातळ पट्ट्या सापडल्या असून त्या साधारणपणे इ. स. पू. सातव्या शतकापासूनच्या मानल्या जातात. पट्टी शेजारच्या दातांभोवती गुंडाळून मधल्या रिकाम्या जागेत माणसाचा वा जनावराचा दात रिव्हेटने, म्हणजे धातूच्या खिळ्याने, पक्का केलेला असे. लेबनॉनमधील सिडोन येथे सापडलेल्या एका फिनिशियन जबड्यात दुसऱ्याचे दोन दात सोन्याच्या तारेने बांधलेले आहेत. त्याचा काळ बहुधा इ. स. पू. पाचवे-चौथे शतक असावा. इजिप्तमधील गीझा येथे मिळालेल्या, तारेने जोडलेल्या दोन दाढा याहून बऱ्याच जुन्या आहेत. पण त्या जिवंत माणसाच्या तोंडात होत्या की मृत्यूनंतर बांधल्या, हा वाद आहे आणि दुसरी शक्यता अधिक ग्राह्य वाटते.

इट्रुस्कन पट्ट्यांविषयीही एकमत नाही. त्या चर्वणासाठी होत्या, असे पूर्वी गृहीत धरले जाई. मार्शल बेकर या मानवशास्त्रज्ञाने या पट्ट्यांचा पुन्हा अभ्यास करून त्या स्त्रियांच्या व मुख्यतः शोभेच्या होत्या, काहींसाठी समोरचे दात मुद्दाम काढलेले असावेत, असे मत मांडले. सोने मऊ, पट्ट्या पातळ आणि जागा पुढच्या दातांची. हे लक्षात घेता त्यांचे मत पटण्यासारखे आहे. हेतू कोणताही असो, या बहुतेक रचना दातांवर पक्क्या बसवलेल्या दिसतात. म्हणून काढत्या-घालत्या कवळीचा सलग इतिहास अठराव्या शतकापासून धरणे सयुक्तिक ठरते. जर्मन शल्यवैद्य लोरेन्ट्स हाइस्टर यांनी १७११ मध्ये कोरून बनवलेल्या अशा उपकरणाचा उल्लेख केल्याचे सांगतात. फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार यांनी १७२८ च्या ग्रंथात हस्तिदंताचे दोन तुकडे धातूच्या पट्ट्यांनी जोडून केलेल्या खालच्या जबड्याच्या कवळीचे वर्णन केले. शेजारच्या दाताला धरणारी सोन्याची पकड, म्हणजे आजच्या क्लास्पची पूर्वज, १७४६ मध्ये फ्रेंच दंतवैद्य मूतों यांच्या लेखनात आढळते.

एकोणिसाव्या शतकात व्हल्कनाइट या कठीण रबरामुळे कवळ्या स्वस्त झाल्या. अमेरिकन दंतवैद्य टॅगार्ट यांनी १९०७ मध्ये मेणाच्या नमुन्यावरून धातू ओतण्याची पद्धत दंतवैद्यकात रूढ केली आणि पुढे कवळीचा धातूचा सांगाडा एकसंध ओतता येऊ लागला. १९२९ च्या सुमारास कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातू आला व त्याच्यापुढे सोने हळूहळू मागे पडले. ॲक्रिलिक या प्लास्टिकचा वापर १९३० नंतरच्या दशकातला.

वर्गीकरण : अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड केनेडी यांचे १९२५ चे वर्गीकरण सर्वाधिक रूढ आहे. पहिल्या वर्गात दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा नसतात. दुसऱ्यात एकाच बाजूच्या. तिसऱ्या वर्गातील रिकाम्या जागेला पुढे-मागे दोन्हीकडे दात असतात. चौथ्या वर्गात जबड्याची मध्यरेषा ओलांडणारी, समोरची एकच जागा रिकामी असते. वर्ग ठरवताना सर्वांत मागची जागा प्रमाण मानतात आणि उरलेल्या जागा उपप्रकार म्हणून मोजतात. याच कारणाने चौथ्या वर्गाला उपप्रकार नाहीत : मागे आणखी जागा असती, तर वर्गच बदलला असता.

रचना : पहिले दोन वर्ग सर्वांत अवघड. तेथे कवळीच्या पुढच्या टोकाला दात, मागच्या टोकाला केवळ हिरडी असते. चावताना निरोगी दात अगदी थोडा हलतो, हिरडी मात्र त्याच्या अनेक पट दबू शकते. त्यामुळे कवळी मागे खचते, तरफ तयार होते आणि पकड चुकीच्या जागी असेल तर आधारदात हळूहळू सैल होतो. क्राटोव्हिल यांनी १९६३ मध्ये मांडलेली आणि क्रोल यांनी पुढे सुधारलेली मांडणी याच दोषावर उपाय आहे : तीत दातावरचा टेकू मागे न ठेवता पुढच्या बाजूला नेतात, म्हणजे कवळी खचताना पकड दाताला ओढत नाही, त्यापासून सुटते.

टेकू, म्हणजे रेस्ट, हा सांगाड्याचा लहानसा भाग असला तरी त्याचे महत्त्व मोठे. तो कवळीला हिरडीत रुतू देत नाही. त्यासाठी दाताच्या एनॅमलमध्ये, म्हणजे कठीण बाह्य आवरणात, उथळ खाच कोरतात. खाचेचा तळ दाताच्या मध्याकडे उतरता हवा, म्हणजे दाब मुळाच्या दिशेने जातो. तो बाहेर उतरता राहिला, तर टेकू घसरतो आणि प्रत्येक घासाला दात बाजूला ढकलला जातो. क्लास्पचे टोक दाताच्या फुगवट्याखाली जाते. फुगवट्याची रेषा सर्व्हेअर यंत्राने दातांच्या साच्यावर आखतात. कोबाल्ट-क्रोमियम ताठर असल्याने त्याचे टोक सुमारे ०.२५ मिमी.च खोलीत नेतात. तारेच्या लवचिक क्लास्पला त्याच्या दुप्पट खोली चालते. कवळी जागेवर बसल्यावर क्लास्पने दातावर जोर देता कामा नये.

धातूच्या सांगाड्याशिवाय केवळ ॲक्रिलिक व तारेच्या कवळ्याही करतात. त्या तात्पुरत्या म्हणून योग्य. टेकू नसल्यास दीर्घ वापरात त्या हिरडीत रुततात. नायलॉनच्या लवचिक कवळीत तार दिसत नाही, पण सगळा भार हिरडीवर येतो, हा दोष तिच्या प्रचारात सहसा सांगितला जात नाही. एक-दोन दातांची सुटी कवळी झोपेत गिळली जाण्याचा धोका असतो आणि साधे ॲक्रिलिक क्ष-किरण चित्रात दिसत नाही. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवण्याचे हे एक कारण. दुसरे म्हणजे तिच्याखाली साचणारा जंतूंचा थर, ज्यातून आधारदात किडतात व टाळूवर बुरशी वाढते.

मागच्या दाढा गेल्या की कवळी बसवायलाच हवी, हे मत आता सर्वमान्य नाही. नेदरलँड्समधील आर्न्ट कायझर यांनी १९८१ मध्ये दाखवले, की पुढचे दात व उपदाढा वर-खाली जोडीने शाबूत असतील तर अनेकांचे चर्वण पुरेसे चालते. अशा रुग्णांत पहिल्या वर्गाची कवळी न करणे हाही उपचाराचा मान्य पर्याय ठरतो, विशेषतः दात स्वच्छ ठेवणे ज्यांना जमत नाही त्यांच्या बाबतीत.