पाच किलो धान्य आणि आळशीपणाचा शिक्का

सोयाबीन काढणीच्या दिवसांत मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या कुठल्याही बांधावर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "फुकटचं रेशन खाऊन लोक माजलेत, कामाला येतंय कोण?" शेंगा तडकायला लागलेल्या असतात, आभाळ भरून आलेलं असतं आणि मजूर मिळत नसतो. त्या शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, त्याचा राग मला समजतो. पण हेच वाक्य पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये, ज्यांचा शेताशी काही संबंध उरलेला नाही अशा लोकांच्या तोंडूनही ऐकू येतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी बेघरांच्या निवाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही, फुकट रेशन मिळत असल्याने लोक काम करायला तयार नाहीत, अशी चिंता बोलून दाखवली होती. बांधापासून न्यायालयापर्यंत जे एकाच सुरात बोललं जातं, ते एकदा नीट तपासून बघायला हवं. धान्य तर किलोत मोजता येतं. आणि दुसऱ्याच्या गरिबीबद्दल माणसाचं मन निवाडा कसा करतं, यावरही गेल्या साठेक वर्षांत पुष्कळ संशोधन झालं आहे.

आधी धान्यच मोजू. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. अंत्योदय कार्डावर माणसं कितीही असोत, कुटुंबाला ३५ किलो. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो हे दर होते. जानेवारी २०२३ पासून ते पूर्ण मोफत झालं. आता ५ किलोला ३० दिवसांनी भागा. रोजचे १६७ ग्रॅम होतात. गहू असेल तर दळून पाच-सहा चपात्या, तांदूळ असेल तर दोन वेळचा बेताचा भात. ऊर्जेत मोजलं तर साधारण ५७५ किलोकॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार कष्टाचं काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे २,७०० आणि पुरुषाला सुमारे ३,५०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे निंदणी-खुरपणी करणाऱ्या बाईच्या गरजेचा जेमतेम पाचवा हिस्सा रेशनमधून भागतो. डाळ, तेल, मीठ, तिखट, गॅस, मुलांच्या वह्या, दवाखाना हे सगळं अजून बाकीच आहे.

पैशांत मोजायचं तर त्याचा एक आकडा राज्य सरकारनेच दिला आहे. मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा अशा १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून सवलतीचं धान्य मिळत होतं. २०२३ मध्ये ते बंद करून त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये बँकेत जमा करायचं ठरलं. म्हणजे पाच माणसांच्या घराचे ७५० रुपये. रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३०० रुपयांच्या आसपास धरली, तर ही अडीच दिवसांची कमाई झाली. उरलेले साडेसत्तावीस दिवस ते घर कशावर चालतं, हे त्या घराला ठाऊक असतं. आणि हे जिल्हे सोयाबीन-कापसाचेच आहेत. रेशनवर बोट ठेवणाऱ्या शेतकऱ्यांपैकी कितीतरी जण स्वतः याच योजनेत होते.

तरीही अर्थशास्त्रातली एक शंका उरते आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. काही कष्ट न करता घरात भर पडली की माणूस थोडं कमी काम करेल, असं सिद्धान्त सांगतो. मग ते बघायचं कसं? काही गावांना मदत द्यायची, काही गावांना द्यायची नाही, कोणाला द्यायची ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, आणि वर्ष-दोन वर्षांनी दोन्हीकडच्या माणसांच्या कामाचे तास मोजायचे. नव्या औषधाची चाचणी घेतात तशीच ही रीत. अर्थतज्ज्ञ अभिजीत बॅनर्जी (जन्म मुंबईचा, आई मराठी) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको, होंडुरास, निकाराग्वा, मोरोक्को, फिलिपिन्स आणि इंडोनेशिया या सहा देशांतल्या अशा सात चाचण्यांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये छापली. मदत तिथे धान्याची नव्हती, रोख पैशांची होती. म्हणजे आळशी व्हायला उलट जास्त मोकळीक. तरी मदत मिळालेल्या लोकांनी काम सोडल्याचा किंवा कमी केल्याचा पद्धतशीर पुरावा सापडला नाही. ना पुरुषांत, ना बायकांत.

आपल्याच देशातलं उदाहरण तामिळनाडूचं. तिथे रेशन मर्यादित गटापुरतं नाही, आणि तांदूळ तर २०११ पासून मोफत आहे. त्याच तामिळनाडूत देशातले सर्वाधिक नोंदणीकृत कारखाने आहेत आणि कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांची संख्याही देशात सर्वाधिक. यावरून मोफत तांदळामुळे कारखाने आले असं सिद्ध होत नाही, हे उघड आहे. पण मोफत तांदळाने माणसं घरी बसतात असं म्हणणाऱ्याला या राज्याचं काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

मजूर मिळत नाहीत हे मात्र खोटं नाही. सगळ्या शिवाराचं सोयाबीन एकाच आठवड्यात काढणीला येतं. तरणी माणसं बांधकामावर, वाहनांवर, शहरात गेलेली असतात. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आणि आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी: घरात दोन पायली धान्य असलं की मजूर बाई पडेल त्या रोजावर जात नाही. "तीनशे देत असाल तर येते" असं म्हणायचं बळ तिला येतं. बांधावरून बघणाऱ्याला तो माज वाटतो. सोयाबीनला भाव नसताना वाढीव मजुरी द्यायची कुठून, हा त्याचा प्रश्नही खरा आहे. पण तो प्रश्न बाजारभावाचा आहे, त्या बाईच्या स्वभावाचा नाही.

मग हिशेब इतका सरळ असताना आळशीपणाचा शिक्का इतका घट्ट का बसतो? डेन्मार्कचे राज्यशास्त्रज्ञ मायकेल बँग पीटरसन यांचं म्हणणं मला पटतं. माणसाच्या पूर्वजांनी हजारो पिढ्या लहान टोळ्यांमध्ये काढल्या. शिकार वाटून खायची, पण कायम आयतं खाणाऱ्याला पोसायचं नाही, यावर टोळीचं जगणं अवलंबून होतं. त्यामुळे कोणी मदत मागितली की मन एकच प्रश्न फार झटकन विचारतं: हा बिचारा अडचणीत आहे की कामचुकार आहे? टोळीत या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं, कारण माणूस रोज डोळ्यांसमोर असायचा. आज आपण रेशन घेणाऱ्या ८० कोटी अनोळखी लोकांबद्दल तोच प्रश्न विचारतो, आणि उत्तर देताना हाताशी असते एखादी ऐकीव गोष्ट.

पीटरसन आणि लेने ओरो यांनी २०१४ मध्ये याचीच परीक्षा घेतली. सरकारी मदतीकडे डॅनिश लोक सहानुभूतीने बघतात, अमेरिकी लोक संशयाने, असा सर्वसाधारण समज आहे आणि सर्वेक्षणंही तसंच सांगतात. या दोघांनी दोन्ही देशांतल्या लोकांना मदत घेणाऱ्या एका माणसाबद्दल फक्त दोन-तीन वाक्यं सांगितली. काहींना सांगितलं, हा धडधाकट आहे, कधी नियमित नोकरी केली नाही, करायची इच्छाही नाही. काहींना सांगितलं, हा कायम नोकरीत होता, कामावर अपघात झाला, पुन्हा कामावर जायची फार इच्छा आहे. एवढ्यावर दोन देशांमधला फरक जवळजवळ पुसला गेला! पहिल्या माणसाबद्दल डॅनिशही कडक झाले, दुसऱ्याबद्दल अमेरिकीही हळवे झाले. पिढ्यान् पिढ्यांची संस्कृती म्हणून जे आपण समजतो, ते दोन वाक्यांपुढे टिकलं नाही. म्हणजे लोकांचं काळीज वेगळं नव्हतं. माहिती नसताना मनात उभं राहणारं चित्र वेगळं होतं. आपल्याकडे ते चित्र मोटारसायकलवर पोतं टाकून नेणाऱ्या माणसाचं आहे.

तो मोटारसायकलवाला खरा असतोच. काही घरं पात्र नसताना यादीत आहेत, रेशनचा तांदूळ विकलाही जातो. (ज्वारीची भाकरी खाणाऱ्या घरात महिनाभराचा तांदूळ साचतो, तो जातो कुठे? इडली-डोशाला रेशनचाच तांदूळ चांगला म्हणून मागून घेणारी घरं आपल्याच ओळखीची असतात.) पण कुठल्याही चाळणीत चूक दोन प्रकारची होते: आत नको तो आत येतो, आणि आत हवा तो बाहेर राहतो. पहिली चूक रस्त्यावर दिसते. दुसरी दिसतच नाही, कारण ज्याच्याकडे कार्ड नाही तो रांगेत उभाच राहत नाही. आणि दुसरी चूक मोठी आहे. कायद्याने ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरी भागातल्या ५० टक्के लोकांना धान्य द्यायचं ठरवलं, पण राज्यांचा कोटा २०११ च्या जनगणनेवर बांधला गेला. महाराष्ट्राची मर्यादा सुमारे ७ कोटींवर थांबली. त्यानंतर जन्मलेली मुलं, घरात आलेल्या सुना या मर्यादेत बसवायच्या तर कोणाला तरी वगळावं लागतं. २०२० मध्ये ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा देशभरात असे १० कोटींहून अधिक लोक बाहेर राहिल्याचं दिसलं.

मनाची आणखी एक खोड आहे, आणि ती मला सगळ्यात अस्वस्थ करते. १९६६ मध्ये मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना एक दृश्य दाखवलं: एक मुलगी शिकण्याच्या प्रयोगात चुकते आणि तिला विजेचे झटके बसतात. झटके खोटे होते, बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. ज्यांना तिचा छळ थांबवण्याची संधी मिळाली, त्यांतल्या बहुतेकींनी तो थांबवला. पण ज्यांना काहीच करता येणार नव्हतं आणि छळ पुढे चालूच राहणार असं सांगितलं होतं, त्यांनी हळूहळू त्या मुलीलाच नावं ठेवली. जग न्यायाने चालतं हा विश्वास सोडण्यापेक्षा, तिचंच काहीतरी चुकलं असेल असं मानणं मनाला सोपं जातं. आपल्याकडे "ज्याचं त्याचं कर्म" म्हणून आपण हेच करतो.

पण रेशनच्या रांगेबद्दल आपल्याला कायम असं वाटत नव्हतं. मुंबईत रेशनिंग आलं १९४३ मध्ये, युद्धाच्या टंचाईत, आणि ते सगळ्यांसाठी होतं. पुढे कित्येक दशकं कारकून, मास्तर, गिरणी कामगार एकाच रांगेत पिशवी घेऊन उभे राहिले. साखर, रवा, पामतेल आलं की चाळीत निरोप फिरायचा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सुकडी खाल्लेली माणसं आज आजोबा-पणजोबा आहेत, आणि ते दिवस सांगताना त्यांची मान खाली जात नाही. १९९७ मध्ये केंद्राने रेशन दारिद्र्यरेषेशी जोडलं. १९९९ मध्ये महाराष्ट्रात कार्डांना तीन रंग आले: पिवळं, केशरी, पांढरं. गरजूंपर्यंत धान्य पोचावं हा हेतू होता. पण रांगेतली मास्तरांची पिशवी गेली, आणि उरलेल्या पिशव्यांकडे बघायची नजर बदलली. "आमचं पांढरं आहे" हे वाक्य तेव्हापासून ताठ मानेने बोललं जातं.

ही नजर फुकटची नाही, तिची किंमत मोजावी लागते. क्रिस्टल हॉल, जियायिंग झाओ आणि एल्दार शफीर या संशोधकांनी अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या एका मोफत अन्नछत्रात येणाऱ्या लोकांबरोबर काम केलं. काही जणांना त्यांनी आयुष्यातला एखादा अभिमानाचा प्रसंग बोलून ध्वनिमुद्रित करायला सांगितलं, इतरांना रोजच्या जेवणाखाण्याबद्दल. मग सगळ्यांना विचारशक्तीची काही कोडी घातली. अभिमानाचा प्रसंग सांगितलेल्यांनी ती अधिक चांगली सोडवली. जाताना सरकारी योजनांची पत्रकंही त्यांनीच जास्त उचलली. खिशात पैसा एक आला नव्हता. काही मिनिटांपुरतं ओझं उतरलं होतं, एवढंच.

आपल्याकडे रेशन घ्यायला पत्रक नाही, अंगठा लागतो. दुकानातल्या पॉस मशीनवर बोट टेकवायचं, आधारशी ठसा जुळला की पावती निघते. बोटाच्या ठशाच्या रेषा म्हणजे कातडीवरचे बारीक उंचवटे असतात. सिमेंट कालवणं, विटा वाहणं, धुणी-भांडी, कापूस वेचणं यांत ते वर्षानुवर्षं घासले जातात. वयाबरोबर कातडी कोरडी आणि सैल पडते, उंचवटे आणखी सपाट होतात, आणि मशीनला वाचायला काही उरत नाही. मग दुकानदार सांगतो, "मावशी, हात धुऊन या. दुसरं बोट लावा. आता डाव्या हाताचं." मागे रांग खोळंबलेली असते. मावशी पदराला बोट पुसतात आणि पुन्हा टेकवतात.