राष्ट्रीय डिजिटल ओळख प्रणाली

देशातील प्रत्येक रहिवाशाला एकच, कायमचा आणि संगणकावर पडताळता येणारा ओळख क्रमांक देणारी शासकीय व्यवस्था. विकसनशील देशांत जन्मनोंदणी अपुरी असल्याने कोट्यवधी लोकांकडे ‘मी अमुक’ हे दाखवणारा कागदच नसतो. संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत सर्वांना कायदेशीर ओळख मिळावी असे उद्दिष्ट ठेवले आहे.

भारतातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. हा क्रमांक १२ आकडी असतो. त्यावरून जात, धर्म, जन्मसाल किंवा गाव कळत नाही आणि ही त्याच्या रचनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणावी लागेल. शेवटचा अंक फक्त आकडे लिहिताना झालेली चूक पकडतो. एकाला दोन क्रमांक मिळू नयेत म्हणून दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळे आणि चेहरा आधीच्या नोंदींशी ताडून पाहतात.

नोंदणी एकदाच होते, पडताळणी मात्र पुन्हा पुन्हा द्यावी लागते आणि खरी कसोटी तिथेच लागते. मुंबईतल्या रेशन दुकानात ठसा तपासणाऱ्या ई-पॉस यंत्रावर धुणीभांडी करणाऱ्या बाईचा ‘अंगठा उठत नाही’, कारण साबण-पाण्याने रेषा झिजलेल्या असतात. ती पदराला बोट पुसते, दुसरे बोट लावून पाहते, मागची रांग खोळंबते. ओटीपीचा पर्याय असतो, पण नोंदवलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो किंवा तो फोन कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. याच यंत्रामुळे उत्तर प्रदेशाच्या शिधापत्रिकेवर मुंबईत धान्य मिळू शकते, हा नाका कामगारांसाठी मोठा आधार आहे. म्हणूनच ठसा न जुळल्यास धान्य कसे द्यायचे, याची तरतूद पहिल्या दिवसापासून हवी.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायदा बहुतांशी वैध ठरवला, पण खासगी कंपन्यांचा आधार-वापर अडवला. पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाचा लाभ नाकारू नये, हेही स्पष्ट केले.

बंगळूरमध्ये २०१८ साली सुरू झालेली ‘मोसिप’ ही ओळख व्यवस्था उभारण्यासाठी कोणालाही वापरता येणारी मुक्त संगणकप्रणाली फिलिपिन्स, मोरोक्को आणि इथिओपियाने स्वीकारली. तंत्र असे तयार मिळते, कायदा मात्र ज्याचा त्यालाच घडवावा लागतो. केनियात ओळखपत्रासाठी वेगळ्या चौकशीला सामोरे जावे लागणाऱ्या नुबियन समाजाची संघटना न्यायालयात गेली. तिथल्या उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये ‘हुडुमा नंबा’ या केनियाच्या डिजिटल ओळख योजनेला पुरेशी नियमावली होईपर्यंत थांबवले आणि डीएनए घेण्यास मनाई केली.